सरजाबाईची गाठ

लातूरच्या मिशन कॉलेजातून बाहेर पडलेली पोरं आपल्या प्राध्यापकांची नावं विसरली असतील, पण मैदानावरच्या ग्यानोबामामाला कुणी विसरलं नाही. मामा बोलका होता म्हणून नव्हे. तोंडातून शब्द काढायचा तर त्याच्या जिवावर यायचं. पण पावसाळा सरला की मैदानात खुंटी ठोकायची, तिला सुती दोर अडकवायचा आणि दोराच्या दुसऱ्या टोकाशी चुन्याच्या फक्कीचा डबा धरून धावपट्टीचं वळण आखायचं, हे काम त्याचंच. एका बाजूला एक वळण, दुसऱ्या बाजूला दुसरं, मध्ये दोन सरळ पट्ट्या, की झाली चारशे मीटरची फेरी. कॉलेज एवढंसं, पण धावण्यात नाव मोठं. व्हरांड्यात विक्रमांचा फलक होता. पाहुणा आला की प्राचार्य रेव्हरंडसाहेब चर्च मागून दाखवायचे, आधी तो फलक.

आणि तो दोर चार हात कमी होता.

ग्यानोबाला हे दहा वर्षं ठाऊक होतं. बहात्तरच्या दुष्काळात गावातल्या विहिरी आटल्या, तेव्हा कॉलेजनं मैदानाकडेची विहीर सगळ्यांना खुली केली. मिशनच्या विहिरीवर कुणी कुणाची जात विचारत नव्हतं, त्यामुळे बायकांची रांग फाटकाबाहेर जायची. पाणी रोज खाली जात होतं. एके दिवशी पोहरा टेकेना, तेव्हा रांगेतली धुरपताबाई म्हणाली, "ग्यानोबादादा, तुमचा तो मैदानाचा दोर द्या की. यंदा कोण पळून राहिलंय?" ग्यानोबानं दोर दिला. दोन दिवसांनी तो मध्येच काचून तुटला; पोहऱ्याकडचं टोक गळानं वर काढलं, पण चिंध्या झालेला चार हात तुकडा कापून टाकावा लागला. उरलेली टोकं ग्यानोबाच्या बायकोनं, सरजाबाईनं, दातानं आवळून घट्ट गाठ मारून जोडली आणि हसत म्हणाली, "आता हत्ती बांधा याला."

आठवड्याभरात सरजाबाई दुष्काळी कामावर खडी फोडताना ऊन लागून गेली.

ग्यानोबा रडला नाही. लोक म्हणाले, दगड आहे. दगडच झाला होता, त्यात खोटं काही नाही. जेवायचा, मैदान झाडायचा, विचारलं तर हाव किंवा न्हाई म्हणायचा. पुढच्या वर्षी पाऊस पडला, त्यानं तोच दोर खुंटीला लावला. संध्याकाळी दोर कोपराभोवती गुंडाळताना गाठ तळहाताखालून जायची, आणि दिवसभरात त्याला काही जाणवायचं तर तेवढंच. नवा दोर मागायला त्याची जीभ रेटली नाही. खेळाचे माधवराव सर मोठे शिस्तीचे, पोरांच्या बुटांच्या नाड्यासुद्धा तपासायचे. पण ग्यानोबाच्या आखणीवर त्यांनी कधी टेप लावला नाही. ग्यानोबानं आखलं म्हणजे आखलं! असा विश्वास माणसाला कधी गोत्यात आणेल, सांगता येत नाही.

ब्याऐंशीच्या ऑगस्टात उस्मानाबादेतून फुटून लातूर जिल्हा झाला. पेढे वाटले गेले, पाट्या बदलल्या, आणि डिसेंबरात नव्या जिल्ह्याच्या पहिल्या स्पर्धा पोलिसांच्या मैदानावर भरल्या. कॉलेजची सगळी भिस्त धुरपताबाईच्या लेकीवर, पंचशीलावर होती. घरच्या मैदानावर ती चारशे मीटर एकसष्ट सेकंदांत पळायची. तिथे साडेबासष्ट लागले आणि ती दुसरी आली. पहिल्या दोघी औरंगाबादला विभागीय स्पर्धेला जायच्या होत्या. पण माधवराव सरांचं तोंड कडू झालं. "दीड सेकंदानं मागं गेलीस. मन लागत नाही तुझं. यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू." पुढचं वर्ष तिला नव्हतं. पळण्याचं काही होतं का बघू, नाहीतर माघात लग्न, असं घरात ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती मैदानाच्या कडेला बसून बुटांच्या नाड्या ओढून काढत होती.

"काय करून राहिलीस, पोरी?"

"बूट परत देते, मामा. माझे पाय गेले. लई जीव तोडून पळाले, तरी पाय उचललेच न्हाईत."

ग्यानोबा बघत राहिला. आत काही हलेल म्हणून त्यानं वाट पाहिली. काही हललं नाही. दया नाही, लाज नाही. फक्त एवढं कळलं की ही पोर जन्मभर आपल्या पायांना दोष देणार. तो उठला. शेजारच्या माळावर नव्या कचेऱ्यांची जागा मोजायचं काम चालू होतं. तिथल्या अण्णाराव मोजणीदाराला हाताला धरून, पोलादी टेपासकट त्यानं मैदानावर आणलं. सरांनाही बोलावलं.

फेरी भरली तीनशे एकोणनव्वद मीटर.

माधवराव सरांची नजर व्हरांड्यातल्या फलकाकडे गेली. "ग्यानोबा, कधीपासून?"

"दुष्काळापासून, सर. दोर चार हात कमी हाय. दोन्ही वळणं तेवढी आत आली."

"दहा वर्षं? आणि तू गप्प?"

"गाठ माझ्या बायकूनं मारलेली. सोडवंना झालती."

सरांनी खिशातून कागद काढून आकडेमोड केली, पुन्हा केली. मग पंचशीलाकडे न बघताच म्हणाले, "अकरा मीटर म्हणजे पावणेदोन सेकंद, तुला दीडच जास्त लागला. तिथं तू घरच्यापेक्षा बरी पळालीस. बूट घाल. औरंगाबादला जायचंय." पंचशीला एकदा सरांकडे, एकदा मामाकडे बघत उभी राहिली आणि मग नाड्या ओवायला खालीच बसली. सरांनी फलक त्याच दिवशी उतरवला. रेव्हरंडसाहेब दोन रविवार कुणाशी धड बोलले नाहीत. ग्यानोबाच्या नावानं लेखी ठपका आला, त्यावर त्यानं अंगठा उठवला.

नवा दोर आला. त्यानं खुंटी ठोकली, दोन्ही वळणं नव्यानं आखली. जुनी रेघ आत राहिली, ती पायानं पुसली. पंचशीला बाहेरच्या रेघेवर पळत होती. ऊन कलल्यावर तो सवयीनं दोर कोपराभोवती गुंडाळू लागला. अर्ध्यावर त्याची बोटं आपोआप मंद झाली. दोर सरळ सरकत गेला, पार टोकापर्यंत.

त्यानं दोर सोडून पुन्हा गुंडाळला. पुन्हा काही लागलं नाही.

"सरजा," तो म्हणाला. दहा वर्षांत पहिल्यांदा. मग खुंटीपाशी खाली बसला आणि मैदानभर ऐकू जाईल असा रडला. पंचशीला वळणावर थांबली. त्यानं हातानं खूण केली, पळत राहा.