वॉचमनने अडवलेली नऊ कॉलेजं

सकाळचे साडेसात. माझे दोन्ही हात साबणाच्या फेसात, मिस्टर अंघोळीला, आणि दारावर थापा. बेल असताना थापा मारणारा आमच्या मजल्यावर एकच माणूस, समोरचे स्टोअरकीपर. बेल दाबून ताटकळणं त्यांच्या स्वभावात नाही. दुसऱ्याला ताटकळत ठेवणं मात्र आहे.

कारखान्याच्या स्टोअरमध्ये त्यांची बावीस वर्षं गेली. जाळीच्या खिडकीआड हे बसलेले, बाहेर हातमोजे मागायला आलेला कामगार उभा, आणि हे सावकाश चष्मा पुसताहेत. चिठ्ठीवर सही आहे तर तारीख कुठाय? तारीख आहे तर आधी जुने मोजे जमा कर. जुने हरवले म्हणून एकाला त्यांनी दिवसभर उघड्या हातांनी पत्रे उचलायला लावले होते. हे त्यांनीच आमच्याकडे चहा पिता पिता सांगितलं आणि पोटभर हसले. आमच्यापैकी कुणी हसलं नाही, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

त्या दिवशी काखेत फाइल आणि मागे बारावी झालेली लेक. कॉलेजप्रवेशाचा ऑनलाइन अर्ज दुपारी बारापर्यंत भरायचा होता आणि त्यांचं नेट बंद. "वहिनी, मी सांगतो तसं टाइप करा," खुर्चीत टेकता टेकता हुकूम सुटला.

पसंतीच्या क्रमाने दहा कॉलेजं भरायची सोय होती. हा क्रम गृहस्थांनी कसा लावला होता? रजा टाकून, कॉलेजांची फाटकं हिंडून. एकाही वर्गात डोकावले नव्हते. जिथे वॉचमनने अडवलं, उलटतपासणी घेऊन हाकललं, ते कॉलेज उत्तम. जिथे अडवलं नाही, ते बाद. एका ठिकाणी तर वॉचमनने खुर्ची दिली, पाणी दिलं, आत जाऊन बघा म्हणाला. त्या नावावर लाल पेनाची दुहेरी काट.

"कुणीही यावं, कुणीही जावं. तिथे काय डोंबल शिकवणार?"

पोरीला भूगर्भशास्त्र शिकायचं होतं. लहानपणापासून खिशात दगड घेऊन हिंडणारी ती. आणि तो विषय नेमका त्या काट मारलेल्या कॉलेजातच होता, तिथे सत्तर टक्क्यांनाही प्रवेश मिळायचा.

मी टाइप करत गेले. स्क्रीनवर प्रत्येक नावापुढे गेल्या वर्षीचा शेवटचा प्रवेश किती टक्क्यांना मिळाला तो आकडा येत होता. चौऱ्याण्णव, त्र्याण्णव, एक्क्याण्णव. पोरीला अठ्ठ्याहत्तर. असाच अर्ज गेला तर तिला कुठेच प्रवेश नाही, वर्ष फुकट. मी तसं स्पष्ट सांगितलं.

"टक्के बघून कॉलेज निवडतात ते लेचेपेचे," ते म्हणाले. "तुमच्या धाकट्याला घातलंत ना तसल्या ठिकाणी. काय झाला तो?"

"फोटोग्राफर."

"तेच म्हणतोय मी."

नऊ नावं झाली. दहावं नव्हतंच, कारण अडवणारे वॉचमन नऊच भेटले होते. रिकामं राहू दे, पाठवा, म्हणाले.

मी माउसवरचा हात काढून घेतला. पोर माझ्या खांद्यावरून ते आकडे वाचत होती. पहिल्या नऊंत आपला नंबर लागणं शक्य नाही आणि दहाव्या जागी जे असेल तेच मिळणार, हे तिला कळलं होतं. बाप फक्त नावं बघत होता.

"बाबा," ती म्हणाली, "दहाव्या जागेवर ते भूगर्भशास्त्राचं कॉलेज टाकू द्या. सगळ्यात शेवटी."