चौधरीजींना सगळं कळतं

आमच्या घरात एक नियम आहे. तो कोणी केला, कशासाठी केला, हे विचारायचं नाही. नियम असा, की सौदा करताना समोरच्याशी हिंदीत बोलायचं आणि आपसात फक्त मराठीत.

"दिल्लीत आपली भाषा कोणाला कळत नाही, सई," अण्णाकाका सांगतात. अण्णाकाका म्हणजे बाबांचे मोठे भाऊ. चाळीस वर्षं फरीदाबादेत काढलेली. "याच नियमावर मी सोफा घेतला, फ्रिज घेतला, राहता फ्लॅट घेतला!"

मी एकदाच विचारलं होतं, "आणि समोरच्याला मराठी येत असेल तर?" काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चपला घालून देवघरात शिरले!

तर या नियमापायी मी पानिपतात जो काही गोंधळ घालून बसले ना, तो ऐका. हातातला कप मात्र आधी खाली ठेवा.

मला गाडी हवी होती. हौस म्हणून नाही हो! आईला वर्षापूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. आठवड्यातून तीनदा तिला फिजिओथेरपीला न्यावं लागतं, आणि आमच्याकडचे कॅबवाले घडीची व्हीलचेअर बघितली की एकच वाक्य बोलतात. "मॅडम, डिकी में सिलेंडर है." सगळ्या सीएनजीवर चालणाऱ्या, डिकीत टाकी. मागच्या महिन्यात तीन कॅब परत गेल्या आणि आई गेटपाशी पाऊण तास उन्हात बसून राहिली. म्हणाली, "राहू दे गं, आज नको जाऊया." त्या दिवशी मी ठरवलं. सेडान घ्यायची. जुनी चालेल, पण डिकी मोठी हवी आणि रिकामी हवी. पेट्रोलच, कारण दिल्लीत डिझेल गाडी दहा वर्षांची झाली की संपली. माझ्या दोन वर्षांच्या नोकरीतून साठलेले चार लाख. त्याच्यावर एक रुपया नाही.

सहा गाड्या बघून झाल्या होत्या. एकीच्या मॅटखाली पुराचा चिखल, एकीचा अर्धा पत्रा म्हणजे पोचे बुजवायची नुसती लांबी आणि रंग. सातवी पानिपतात होती. मालक चौधरीजी. हातमागाच्या चादरींचा धंदा बंद करून नवरा-बायको कायमचे कॅनडाला मुलाकडे निघाले होते.

मी एकटी जाणार होते. पण छे! "गाडी बघणं म्हणजे भाजी घेणं नव्हे," असं म्हणून काका आणि बाबा दोघंही ट्रेनमध्ये बसले. काकांनी आयुष्यात चालवलेलं एकमेव वाहन म्हणजे स्कूटर, हे जाता जाता सांगून ठेवते.

गाडी पांढरी, सात वर्षांची. मी आधी बॉनेटवर हात ठेवला. गार होतं. म्हणजे आम्ही यायच्या आधी गुपचूप इंजिन तापवून ठेवलेलं नाही. सर्व्हिसची सगळी बिलं फाइलमध्ये लावलेली. मी टेप काढून डिकी मोजली. घडी केलेली व्हीलचेअर मावून वर चार बोटं जागा उरत होती. मला तिथेच रडू यायला लागलं, खरं सांगते.

आणि काका? काकांनी बुटानं टायरला लाथ मारली आणि मराठीत म्हणाले, "माणूस लबाड दिसतो. मीटर मागे फिरवलाय, पैज लाव."

चौधरीजी शेजारीच उभे. हसले.

त्यांच्या पत्नीनं चहा आणला. काकांनी घोट घेतला. "भांडी विसळलेलं पाणी आहे नुसतं."

"और लाऊँ?" चौधरीजींनी विचारलं.

मी जरा दचकले. पण बाबा सुरूच झाले, "दादा, हा सवा चार मागतोय. आपण साडेतीनपासून सुरू करू. फार तर चार. त्याच्या वर सईकडे नाहीत."

मग दोघं भाऊ गाडीच्या मागच्या बाजूला वाकले. चौधरीजी माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "महाराष्ट्र से हो ना, बेटी? हम भी मराठे ही हैं जी. लड़ाई के बाद हमारे पुरखे यहीं रह गए थे."

मराठे! म्हणजे यांना सगळं कळलं? लबाड, मीटर, विसळलेलं पाणी, चार लाख, सगळं?

आणि गाडी तर हीच हवी होती हो मला! अपमान झालेला माणूस आम्हाला गाडी कशाला देईल?

काकांना सावध कसं करायचं? मराठीत बोलले तर याला कळणार. हिंदी तर त्याचीच. इंग्रजी? हा माणूस कॅनडाला निघालाय! मी डोळे मोठे केले. काका म्हणाले, "डोळ्यात काही गेलं का?" मी बाबांचा शर्ट ओढला. बाबा म्हणाले, "बाथरूम त्यांना विचार." शेवटी मी काकांना व्हॉट्सॲपवर मेसेज टाकला. काकांनी चष्मा लावला, मोबाईल हातभर लांब धरला आणि अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल असा वाचला.

"काका, गप्प बसा, याला मराठी येतं!"

मी मेले.

"छे!" काका म्हणाले. "पानिपतात कुठलं आलंय मराठी? आणि ती बाई बघ, कशी टक लावून बघतेय. गाडी कुठेतरी ठोकलेली आहे, लिहून घे."

बस्स! माझं डोकं सटकलं. मी पुढे झाले, हात जोडले आणि हिंदीत सुरू झाले.

"अंकल, मैं माफ़ी माँगती हूँ. मेरे काका ने आपको लबाड कहा, मतलब झूठा. मीटर पीछे घुमाया है, ये भी कहा. आंटी, आपकी चाय को बर्तन धोने का पानी कहा. गाड़ी ठुकी हुई है, ये भी कहा. आपने सब सुन लिया और एक शब्द नहीं बोले! और हम चार तक दे सकते हैं, वो भी आपने सुना ही है, तो अब छुपाना क्या?"

आंटींनी हळूच चहाचा ट्रे उचलून आत नेला.

चौधरीजी माझ्याकडे वळून म्हणाले, "बेटी, हमें मराठी कहाँ आती है! ढाई सौ साल हो गए. मैं तो समझा, भाईसाहब गाड़ी की तारीफ़ कर रहे हैं."

"पर... आप हँस रहे थे!"

"मेहमान हो. रोऊँ क्या?" त्यांनी मिशी कुरवाळली. "मैं तो पौने चार में मान जाने वाला था."

पंचवीस हजार! मी स्वतःच्या तोंडानं घालवले!

काका लाल झाले. "चला! निघा! एवढं ऐकवल्यावर हा गाडी देतोय होय? आठवी बघू. आणि सई, पुढच्या वेळी तू तोंड उघडायचं नाहीस. आमचं बोलून होईपर्यंत बाहेर उभं राहायचं."

बाहेर? माझे पैसे, माझी आई, आणि मी बाहेर? मला गेटपाशी उन्हात बसलेली आई दिसली, आणि मी नियमासकट सगळ्यावर पाणी सोडलं.

"नहीं!" मी ओरडले. "मैं नहीं आऊँगी! और अब मराठी में फुसफुसाना भी बंद. जो बोलना है, सबके सामने, हिंदी में! मुझे आठवीं गाड़ी नहीं देखनी. मैं यही गाड़ी लूँगी, चाहे जितने में मिले!"

चौधरीजींचे डोळे चमकले. "जितने में मिले? तो फिर सवा चार ही रहने दो, बेटी. मैं मिठाई मँगवाता हूँ."

माझ्याकडे तर चारच! वरच्या पंचवीस हजारांसाठी मी वळून बघितलं. काका आणि बाबा गप्प.

मराठीतसुद्धा.