काकूंच्या बाटलीतलं ब्रेक ऑईल

"रफिकभाई, पेडल पार खाली गेलं हो!"

फोनवर आपटेकाका. सासवडहून दिवे घाट उतरताना त्यांच्या चाळीस वर्षं जुन्या गाडीचे ब्रेक गेले होते. गिअर उतरवत, हँडब्रेक ओढत, शेवटी डोंगराला घासत त्यांनी ती कशीबशी थांबवली होती. मी कसबा पेठेतलं गॅरेज बंद केलं, ब्रेक ऑईलचा नवा डबा घेतला आणि स्कूटर काढली.

काका नारायण पेठेतले रिटायर्ड शिक्षक. डिकीत जॅक, फॅनबेल्ट, प्लग, प्रत्येकावर चिठ्ठी. पोचलो तर चाकाला दगड लावून उभे होते.

"आता लागतोय ब्रेक. निघतो मी."

"निघा की. मी मागून येतो, उचलायला कुणीतरी लागेल ना!"

मी बॉनेट उघडलं. ऑईल काढ्यासारखं काळं. हे ऑईल हवेतलं पाणी ओढून घेतं. घाटात सारखा ब्रेक दाबला की तापतं, पाण्याची वाफ होते आणि पेडल नुसती वाफच दाबत बसतं. गार झालं की ब्रेक पुन्हा लागतो. माणूस तिथंच फसतो.

"कधी बदललंत?"

"सकाळीच थोडं भरलं की." त्यांनी अर्धी बाटली दाखवली. चिठ्ठीवर काकूंचं अक्षर. काकू जाऊन सहा वर्षं झाली.

"अहो, ही टाकून द्या म्हणून दोनदा सांगितलं होतं!"

"तिनं ठेवलेली आहे हो. रविवारी आम्ही सासवडला अंजिरं आणायला जायचो. अजून जातो. मला अंजीर आवडतही नाही."

जुनं ऑईल काढायला दोघं लागतात. एकानं पेडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकापाशी ऑईल बाहेर सोडणारं निपल सैल करायचं. वीस वर्षं पेडलवर माझा भाऊ असायचा. तो गेल्यापासून गॅरेजात मी एकटाच, दिवसदिवस बोलायला कुणी नाही.

"काका, बसा आत. दाबा! धरा! सोडा!"

"धरलंय हो, ओरडू नका."

चारही चाकं झाली. पेडल कडक लागलं. मग मी काकूंची बाटली जुन्या ऑईलच्या डब्यात उलटी केली. काकांनी तोंड फिरवलं. रिकामी बाटली पुसून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती शेजारच्या सीटवर ठेवली आणि सावकाश निघाले. नारायण पेठेपर्यंत मी मागेच होतो.

ब्रेक ऑईल दोन वर्षांनी बदलावं. उघडलेली बाटली ठेवू नये. ठेवायचीच असेल, तर रिकामी करून ठेवावी.