मुनिरकाच्या सिग्नलवर
थंडीत चोक ओढल्यावर येणारा कच्च्या पेट्रोलचा वास आला की ती सकाळ आठवते. निवृत्त झालेले बाबा आपल्या जुन्या इटालियन मोटरसायकलवर आईला घेऊन दिल्लीतल्या आर. के. पुरमहून निघाले होते आणि मी मागे स्कूटरवर होतो. मुनिरकाच्या सिग्नलला थांबताना बाबांचा पाय लटपटला, गाडी दोघांसकट आडवी झाली आणि आईचं मनगट मोडलं. "अंकलजी, अब छोड़ दो इसे," गाडी उचलणारा माणूस म्हणाला. प्लास्टर घालून घरी आल्यावर आई म्हणाली, "अहो, माझा हात होईल बरा. गाडी विकू नका." बाबांनी आठवड्याभरात ती विकली आणि नंतर कधी तिचं नावही काढलं नाही. आता माझेही गुडघे थरथरतात. बाबांच्या गाडीसारखीच एक जुनी इटालियन गाडी मीही पुढे घेतली; तिच्यावर बायकोला बसवणं मी बंद केलंय, पण गाडी विकायचं धाडस होत नाही.