भामाने वाचलेला शेवट

पनवेलच्या मिठागरात राबणारी भामा लग्नानंतर प्रौढांच्या वर्गात वाचायला शिकली आणि तिने आळीतल्या बायकांना एक अख्खी कादंबरी वाचून दाखवली. छप्पन साली त्याच कादंबरीवरचा सिनेमा तंबूत लागला, तेव्हा सगळ्याजणी नटूनथटून बघायला गेल्या. पुस्तकातली नायिका सासर सोडून मुलींची शाळा काढते. सिनेमातल्या नायिकेने मात्र नवऱ्याच्या पायाशी प्राण सोडला.

बाहेर पडताच सासू चंद्रावती फणकारली, “ह्यो शेवट आपला नाय. भामा, उद्या आपला वाच.”

दुसऱ्या दिवशी ओटीवर बसायला जागा उरली नाही. भामाने शेवटचं प्रकरण वाचलं. पुस्तकातल्या शाळेचं दार उघडलं, तशी चंद्रावती भामाकडे बोट दाखवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “माझी सून हाय ती!”

 भामाने ते पान कुणी न सांगता पुन्हा वाचलं.