नवा पासवर्ड

तिचं नाव मी विचारलं नाही. लोणावळ्याच्या बाजारात, कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात ती एकदाच भेटली. जवळच्याच औंढ्याहून आली होती. जुन्या साडीत गुंडाळलेला लॅपटॉप ठेवण्याआधी तिने काउंटर पदराने पुसून घेतला. लॅपटॉप तिच्या मुलाचा होता. मुलगा वारला होता आणि पासवर्ड त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हता.

"मावशी, फोटो मिळतील सगळे. पासवर्ड काढून टाकतो," दुकानदार म्हणाला.

"काढायच्या आदी वाचून दावा की. काय लिवायचा त्यो रोज?"

"ते दिसत नाही, मावशी. नुसतं पुसता येतं."

काम झाल्यावर त्याने विचारलं, "नवीन काय ठेवू?" ती विचारात पडली. तिच्यामागे माझा नंबर होता आणि मला घाई होती.

"एक-दोन-तीन-चार ठेवा हो. लक्षात राहील," मी म्हणालो.

तिने मान डोलावली. आकडे पुटपुटत तिने लॅपटॉप पुन्हा साडीत गुंडाळला आणि गाठ मारता मारता मला विचारलं, "भाऊ, तुमचाबी ह्योच हाय का?"

"नाही. माझ्या मुलीचं नाव आहे."

"नावबी ठेवत्यात व्हय?"

तेव्हाच मी दुकानदाराला तिचा पासवर्ड बदलायला सांगायला हवं होतं. पण त्याने माझा कॉम्प्युटर उघडायला घेतला होता. मी बाजूला सरकलो आणि तिला पायरी उतरायला वाट करून दिली.