भोक न पाडलेले पत्रे

माझ्या वहिनीला अख्खं गाव भिंगरी म्हणतं. तोंडावरही म्हणतं, आणि ती ओ देते. जेवायला बसली तरी एक गुडघा उभा ठेवून बसते, म्हणजे उठायला सोपं. ती आमच्या घरात आली तेव्हा मी चौदा वर्षांची होते. तिला स्वस्थ पडलेलं मी एकदाच पाहिलं, भाचीच्या जन्माच्या वेळी, तेही सुईणीने दटावलं म्हणून. पुढे माझं लग्न याच गावात, दोन घरं सोडून झालं. मी शिवणकाम करते. माझं मशीन दाराशी असतं आणि दारातून तिचं अंगण दिसतं, त्यामुळे भिंगरी माझ्या नजरेआड कधी झालीच नाही.

तिचा नवरा म्हणजे माझा दादा. त्यांची जमीन बरी आहे, पण विहीर उताराखाली आणि शेत वर. एक पीक निघतं आणि मग जमीन नुसती पडून राहते. ते पीक घरात आलं की मुकादमाचा ट्रक यायचा. दादा वळकटी घेऊन वीटभट्टीवर जायचा, तो सात-आठ महिन्यांनी परत. अकरा वर्षं हेच चाललं होतं. भाची लहान असताना तो परत आला की ओळख न पटून माझ्या मागे लपायची. दादा हसायचा, पण मला ते हसू बघवत नसे.

मग ते पैसे आले. एका संस्थेने ठरवलं की गावातल्या प्रत्येक घराला रोख रक्कम द्यायची, दोन हप्त्यांत, घरातल्या बाईच्या फोनवर. कशावर खर्च करायची ते कोणी सांगणार नाही, परत तर मागणारच नाही. सभेत हे ऐकून कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे एकमेकांची तोंडं बघत बसले. शेवटी एक म्हातारा उठला आणि म्हणाला, "देणार ते कळलं. आमचं काय नेणार, ते सांगा." भिंगरीने मला कोपर मारलं. "वन्सं, यात काहीतरी गोम आहे."

पहिला हप्ता आला तेव्हा तिने फोन चार दिवस पिठाच्या डब्यात ठेवला. पाचव्या दिवशी जाऊन घरासाठी पत्रे घेऊन आली, कारण जुन्या गवती छपराखाली भांडी मांडून मांडून ती जेरीस आली होती. सुतार वर चढला, खिळे ओठांत धरले, हातोडा उचलला आणि ही खालून किंचाळली, "भोक पाडायचं नाही!"

सुतार खिळा गिळता गिळता वाचला. "मग काय डिंकाने चिकटवू?"

"तारेने बांधा. वर दगड ठेवा. भोक पडलं की माल जुना झाला. उद्या मागायला आले तर मी त्यांना काय देऊ?"

तुम्ही हसाल. मीही हसले, आणि मग गप्प बसले, कारण मी घेतलेल्या नव्या शिलाई मशीनवरचं प्लास्टिक मी तरी कुठे काढलं होतं? शेजारणीने शेळी घेतली, पण तिला नाव ठेवेना, जीव लागेल म्हणून. एकाने पलंग घेतला आणि खाली चटई टाकून झोपला. कुणालाच ते आपलं वाटत नव्हतं. आयुष्यभर जे आलं ते कुणीतरी काहीतरी घेऊनच दिलं होतं, मग हे कसं खरं मानायचं?

पण भिंगरीचं दुखणं सगळ्यांहून वरचढ. रस्त्यावर अनोळखी गाडी दिसली की ती हातातलं काम टाकून अंगणात यायची आणि आधी छपराकडे बघायची. तारा ढिल्या झाल्या का, गंज कुठे लागला का. भाचीला ओरडायची, "पत्र्यावर चेंडू मारू नकोस!" पाऊस आता घरात येत नव्हता, भांडी मांडावी लागत नव्हती, पण बाईची झोप उडाली ती उडालीच. मला तिची दया यायची आणि चीडही यायची.

दुसरा हप्ता आला तेव्हा दादा कापणीसाठी घरी होता. एकदा माझ्या दारात बसून तो तिला म्हणाला, "अगं, मोटर आणि पाईप घेऊ. पाणी वर आलं तर दुसरं पीक निघेल. मग मला जायची गरज नाही."

"आणि परत मागितले तर? जमिनीत पुरलेला पाईप उकरून देऊ?"

दादा वाद घालत नाही, हा त्याचा दोष. तो नुसता गुडघे चोळत राहिला. भट्टीवर वाकून वाकून त्याचे गुडघे गेलेत, उठताना हाताचा आधार लागतो. मुकादमाचा ट्रक तीन आठवड्यांवर आला होता. पैसे फोनमध्ये, फोन पिठात, आणि दादाची वळकटी माळ्यावरून खाली आलेली. माझी चिडचिड मी कापडावर काढली. एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजच्या दोन्ही बाह्या डाव्याच शिवल्या.

पुढच्या आठवड्यात भरदुपारी वारा सुटला. दगड घरंगळले, तार तुटली आणि एक पत्रा उडून समोरच्या शेतात जाऊन पडला. भाची ओसरीवर त्याच पत्र्याखाली अभ्यास करत होती. वही भिजू नये म्हणून पाण्याचा तांब्या ठेवायला ती आत गेली, तेवढ्यात वरचा दगड तिच्या पाटावर पडला. पाट दुभंगला. मी धावत गेले आणि वहिनीवर अशी बरसले, की तिला असं मी कधी बोलले नव्हते. "तुला पत्रा शाबूत हवाय की पोरगी?" पोरीला कुशीत घेऊन ती पाटाकडे बघत राहिली.

दोन दिवसांनी संस्थेची मुलगी आली. हातात टॅब, पायात चिखलाने माखलेले बूट, वय माझ्या भाचीहून दहा वर्षांनी मोठं असेल-नसेल. भिंगरीने तिला बसूही दिलं नाही. वाकलेला पत्रा ओढत तिच्यापुढे आणून ठेवला.

"ताई, हा एक वाकला. याचं काय ते मी बघते. बाकीचे जसेच्या तसे आहेत. एकालाही भोक नाही."

मुलगी गोंधळली. काय चाललंय ते मी तिला समजावलं, तेव्हा ती पत्र्याच्या कडेला मटकन बसली. "ताई, हे तुमचं आहे. तुम्ही याची चूल करा, कोंबड्यांचं खुराडं करा. कोणी येणार नाही मागायला."

"मग तुम्ही कशाला आलात?"

"प्रश्न विचारायला." तिने टॅब उघडला. "गेल्या महिन्यात तुम्हाला काळजी किती वेळा वाटली? कधीच नाही, कधी कधी, की रोज?"

भिंगरी म्हणाली, "रोज. घरात काही नव्हतं तेव्हा एवढी नव्हती. लिहा तसं."

मुलीने मान खाली घालून खरंच तसं लिहिलं. निघताना दारात थांबून म्हणाली, "माझ्या आईनेही पहिलं वर्ष काही वापरलं नव्हतं. आमच्याही गावात वाटले होते पैसे. तुमच्यासारखंच, कपाट घेतलं आणि कपडे बाहेर दोरीवर." भिंगरीने विचारलं, "मग? मागितले परत?" मुलगी म्हणाली, "सहा वर्षं झाली. आई अजून वाट बघते." आणि ती हसत निघून गेली. भिंगरी हसली नाही.

ठरल्या दिवशी सकाळी ट्रक आला. दादाने वळकटी वर फेकली, लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मागच्या फळीला धरून चढायला लागला. गुडघा वळेना. दोघांनी वरून हात दिला. मी मशीनवर बसून बघत होते, डोळ्यांत पाणी, पाय पायडलवर नुसता. भिंगरी अंगणात नव्हती. मला वाटलं, निरोपालाही आली नाही. धन्य बाई!

तेवढ्यात ठण् असा आवाज आला. मग पुन्हा. छपरावर भिंगरी होती, पदर खोचलेला, हातात हातोडा. दर घावाला पत्रा थरथरत होता आणि तीही. पहिला खिळा आत गेला. दगड उचलून तिने खाली अंगणात भिरकावला आणि तिथूनच ओरडली, "वन्सं! फोन पिठात आहे! मोटरवाल्याला सांगा, आजच पाहिजे!"

मुकादमाने भोंगा वाजवला. दादा फळीला धरून लोंबकळत तिच्याकडे बघत होता. मग त्याने हात सोडला, खाली उतरला आणि लंगडत अंगणात येऊन शिडी धरली.

"अगं, वॉशर घाल," तो म्हणाला. "नाहीतर गळेल."

ट्रक थांबला नाही. त्या वर्षी दादाची वळकटी एकटीच भट्टीवर गेली.